खळ्यावरचा खेळाचा तास

खेळाचा तास कसा घ्यायचा हे मला बी.पी.एड.ला शिकवलं होतं. अर्जुनी मोरगावकडच्या त्या शाळेत गेल्यावर पहिल्याच आठवड्यात ते सगळं गुंडाळून ठेवावं लागलं. तिथं खेळाचा तास म्हणजे मुख्याध्यापकांनी कपाटातून हवा गेलेला फुटबॉल काढायचा, दहावीतल्या चार दांडगटांनी तो पळवायचा, बाकीच्या पोरांनी कुंपणाशी बसून बघायचं आणि मुलींनी मैदानातले खडे वेचायचे. खडे संपले की माठ भरायचे. मी विचारलं, "सर, मुली कधी खेळतात?" तर म्हणाले, "त्या घरी कामं करतातच की, मॅडम. व्यायाम होतो त्यांचा." अगं बाई! माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की सांगता सोय नाही.

दोन हजार चार-पाचचा सुमार. मी शिक्षणसेवक होते, म्हणजे तीन वर्षं मान खाली घालून काढायची, मग कायम व्हायचं. घरून निघताना आईनं बजावलं होतं, "तोंड सांभाळ माय, संस्थेची शाळा आहे." आता तोंडच सांभाळायचं असतं तर शिट्टी फुंकायची नोकरी कशाला धरली असती?

दुसऱ्या वर्षी शाळा उघडताच मी एकच नियम केला. या तासाला कोणी बसणार नाही. पंक्चरवाल्याकडून जुने टायर आणले, राइस मिलमधून फाटके बारदाने आणले, विहिरीवरचा निकामी दोर आणला. टायरांतून उड्या, पोत्यात पाय घालून शर्यत, दोरावर रस्सीखेच, चुलीतल्या राखेनं आखलेलं खो-खोचं मैदान. सगळ्यात बुजरं पोर कप्तान, आणि जो संघ हरेल तो पुढचा खेळ निवडणार. दांडगट कुरकुरले. कुरकुरू दे. आठवीत एक लांबट पोरगी होती, हजेरीला तिचं 'हजर' पुढच्या बाकालाही ऐकू जायचं नाही. ती ओढणी कमरेला गुंडाळून असा काही 'खो' द्यायची की रस्त्यापलीकडचा चहावाला वळून बघायचा. दसऱ्यापर्यंत अशी गत झाली की घंटा व्हायच्या आत मुली मैदानात.

आणि दिवाळीची सुट्टी संपवून शाळेत आले तर मैदानच नाही! सगळं शेणानं सारवून गुळगुळीत, मधोमध खांब रोवलेला, कडेला धानाचे पुंजणे, म्हणजे रचलेल्या भाऱ्यांचे ढीग, चांगले माणसापेक्षा उंच. शाळेची जागा संस्थेच्या अध्यक्षांच्या बापानं दिलेली. त्यामुळं कापणी झाली की मळणी होईपर्यंत मैदान हे त्यांचं खळं, अशी रीतच पडून गेलेली. आदल्या वर्षीही हेच झालं होतं. तेव्हा मी नवी, मुख्याध्यापक म्हणाले होते, "जागा कमी पडते मॅडम, मुलांना कडेकडेनं पळवा, मुलींना वर्गात विणकाम द्या." मला वाटलं, खरंच जागेची अडचण असेल. मी महिना-दीड महिना मुलांना त्या खळ्याभोवती पळवलं, खुशाल खांबाजवळ उभी राहून शिट्ट्या वाजवल्या.

या वर्षी मात्र त्या लांबट पोरीनं वर्गात सगळ्यांदेखत विचारलं, "मॅडम, तुमी म्हणता कोणी बसाचं नाई. मंग आमी काऊन बसून राहिलो?"

मी जागेचं कारण सांगितलं तर वर्गातल्या मुली एकमेकींकडं बघून हसल्या. शेवटी तीच म्हणाली, "जागा नाई जी. खळ्यावर अडचणीची बाई चालत नाई. कोणती अडचणीची हाय ते कोण पुसन? म्हणून सगळ्याच बसा."

मी तडक मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. ते ताकाला जाऊन भांडं लपवणारे. "अहो, समजून घ्या ना मॅडम, धान म्हणजे लक्ष्मी, जुनी माणसं आहेत..." मी म्हटलं, "सर, भर पावसात चिखलात दिवसभर वाकून रोवणा करते ती बाई चालते. कापते ती चालते, भारा डोक्यावर आणते ती चालते. तेव्हा कोणी पुसत नाही तिला तारीख. धान एकदा खळ्यावर पडलं की तेवढी ती विटाळशी?" ते म्हणाले, "तुमचं कायम व्हायचं आहे अजून." मी म्हटलं, "होऊ द्या नाहीतर नका होऊ देऊ." आणि बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी मुलींचा तास होता. मी सगळ्यांना ओळीनं बाहेर काढलं. खळ्याच्या कडेला म्हटलं, "चपला काढा. धान आहे, मान राखायचा." अन्नाचा मान मलाही कळतो, माझा बाप दुसऱ्याच्या धानाच्या बांध्यांतच राबला आहे. अनवाणी आत गेलो, पुंजणे आणि खांब यांच्यामधल्या पट्ट्यात मुली खो-खोला बसल्या. मी शिट्टी वाजवली.

अध्यक्ष कडेला बाजेवर बसून मळणी बघत होते. बैल फिरत होते, गडी होते, आणि शेतातून बायका डोक्यावर भारे घेऊन येत होत्या. भारा त्यांनी सारवलेल्या जागेच्या काठाशी टाकायचा, तिथून आत गड्यांनी न्यायचा, अशी पद्धत. त्यातल्या निम्म्या तर माझ्या मुलींच्या आयाच. शिट्टी ऐकून सगळे जागच्या जागी थांबले, बैलसुद्धा.

अध्यक्ष उठून आले. "मॅडम, पोट्ट्यायले खळ्यावर कायले आणून राहिल्या?"

"खेळाचा तास आहे."

"एखादी अडचणीची असन त?"

"एखादी कशाला? मीच आहे. कालपासून."

मी पुढं म्हटलं, "मागच्या वर्षीही मीच होते. सगळी मळणी संपेस्तोवर रोज या खांबापाशी उभी होते. मला कोणी पुसलं नाही, कारण मी मॅडम. काय झालं? तुमचे ढोले रिकामे राहिले का धानाविना?"

त्यांचा चेहरा तांबडालाल झाला. "बाटवला," ते म्हणाले. "खळा बाटवला हिनं."

हा शब्द आमच्या घरानं छप्पन साली बाबासाहेबांबरोबर दीक्षा घेतली तेव्हाच उंबऱ्याबाहेर टाकला, माझ्या बापाच्या जन्माच्याही आधी. तो असा दिवसाढवळ्या तोंडावर फेकला गेला तेव्हा कान गरम झाले माझे. वाटलं, शिट्टी फेकून मारावी. मुली खाली मान घालून बसलेल्या, ती लांबट पोरगी तेवढी माझ्याकडं टक लावून बघत होती. मी जागची हलले नाही.

अध्यक्षांनी बैल सोडायला लावले. काठावरच्या बायकांना ओरडून म्हणाले, "उचला हे सारं. पुंजणे वावरात न्या. तिकडं नवा खळा करू."

आभाळ भरून आलं होतं. एवढं धान डोक्यावरून परत न्यायचं म्हणजे दोन दिवसांचं काम. बायकांनी एकमेकींकडं बघितलं. मग त्या पोरीच्या आईनं डोक्यावरचा भारा काठावर ठेवला, चुंबळ हातात घेतली आणि अगदी गरीब आवाजात म्हणाली, "मालक, आमी कशा उचलाव जी? आमच्यातली कोणती अडचणीची असन त?"

माय वो! पहिल्यांदा एक हसली, तोंडाला पदर लावून. मग दुसरी. मग सगळा काठ हसायला लागला. अध्यक्ष म्हणाले, "तुमची मजुरी बंद करीन." त्या म्हणाल्या, "करा जी." कापणीच्या दिवसांत गावोगाव मजुरांची मारामार, शेजारचा शेतकरी बांधावर वाटच बघत होता. हे त्यांना माहीत, मालकांनाही माहीत. एक गडी आभाळाकडं बघून म्हणाला, "मालक, पाणी येईल." शेवटी बैल जिथं सोडले तिथंच जुंपले.

मी पुन्हा शिट्टी वाजवली. बैल खांबाभोवती फिरले आणि मुली पलीकडं पळाल्या. धान भिजायच्या आत मळून झालं, पोती भरली, घरी गेली. त्याच धानाचा भात अध्यक्षांच्या घरी वर्षभर शिजला.

माझं कायम होणं त्यांनी अडवलं. तीन वर्षांची पाच झाली, हेलपाटे घातले, भांडले, झाले एकदाची. पुढच्या वर्षापासून त्यांनी खळं आपल्या वावरात हलवलं. मैदान बाटलं, आता तिथं धान कसं मळायचं, असं चारचौघांत म्हणाले. गावातली म्हातारी माणसं अजूनही म्हणतात, त्या बाईनं मैदान बाटवलं.

हो, बाटवलं. म्हणून तर ते आता बारा महिने मुलींचं आहे.