उसन्या साडीचा खेळ

“त्ये माज्याकडं लागलं!” असं म्हणताना ती डावा हात कमरेवर ठेवायची आणि उजव्याने छातीवर थाप मारायची. मग समोरच्याने निर्धास्त घरी जावं. कॉलरवरचा शाईचा डाग असो, शेजारणीचं बाळंतपण असो की कुणाचं फिसकटलेलं लग्न, सगळं तिच्याकडे लागलेलं असे. ती गेल्यापासून आमच्या आळीतली निम्मी कामं अडून बसली आहेत.

मूळची वराळ्याची. नवऱ्यामागे लोणावळ्याला ओढ्याकाठची परटाची भट्टी तिने एकटीने चालवली. सारं गाव तिला मावशी म्हणे. लिहिता-वाचता येत नसे. कपड्याच्या कोपऱ्यावर बिब्ब्याने ठिपके देऊन ती घरं ओळखायची. टेकडीवरच्या बंगल्याचे तीन ठिपके. मुंबईच्या शेठजींच्या त्या बंगल्याच्या कपड्यांवरच तिची चूल पेटायची.

मी तेव्हा मालधक्क्यावर कारकून होतो आणि रेल्वेतल्या हौशी मंडळाच्या नाटकांत बाईचं काम करीत होतो. तुम्ही हसाल, पण मिशी काढली की मी बरा दिसायचो. आमच्या रंगमंचावर बायकांना मज्जाव होता, त्यामुळे बायकांची दुःखं आम्ही पुरुषच रडून दाखवायचो.

त्या वर्षीचं नाटक मोठं बाणेदार होतं. श्रीमंत घरातून काढून टाकलेली मोलकरीण दारात ठाण मांडून विचारते, “मला कुणी काढलं, तेवढं सांगा.” नवरा बायकोवर ढकलतो, बायको मुलावर, मुलगा दिवाणजीवर. मी बायको.

खेळाच्या दिवशी सकाळी पेटी उघडली, तर मंडळाची एकुलती एक भारी साडी उंदरांनी कुरतडलेली. मी धावत भट्टीवर गेलो.

“मावशी, श्रीमंताची बायको व्हायचंय आणि नेसायला काही नाही!”

“त्ये माज्याकडं लागलं.” तिने घड्यांतून जांभळी जरीकाठी साडी काढली. “टेकडीवरच्या बाईसाहेबांची हाय. त्या परवा यायच्या हाईत. खेळ झाला की आनून द्या, आन् लय घाम गाळू नगा.”

रेल्वेच्या इंजिनशेडमधल्या लोकांना रात्रपाळी असल्यामुळे खेळ दुपारी तीनला होता. बाईसाहेब नेमक्या त्याच सकाळच्या गाडीने आल्या, आणि आमच्या चिटणीसांनी मोठ्या हौसेने त्यांना पहिल्या रांगेत आणून बसवलं.

मी पदर सावरत पुढे आलो आणि बाईसाहेब ताडकन उठल्या. “ही माझी साडी आहे!”

लोकांना वाटलं, नाटकातलंच आहे. चिटणीस विंगेतून धावत आले. “छे छे, मंडळाची आहे. पुण्याहून आणलीय.”

“पदराचा कोपरा दाखवा.”

कोपऱ्यावर तीन ठिपके. चिटणीसांनी माझ्याकडे बोट केलं. “मला काय ठाऊक? नटानेच आणली असेल.”

आता बोलायला हवं होतं. मी तोंड उघडलं. पण मी वाक्य विसरलो असं समजून आत बसलेल्या प्रॉम्प्टरने नाटकातलं पुढचं वाक्य पुरवलं, “मी नाही, मी नाही!” आणि मी मेल्याने सवयीने तेच ठणकावून म्हटलं.

तेवढ्यात बायकांच्या बाजूचा चिकाचा पडदा सारून मावशी आली आणि तडक रंगमंचावर चढली.

“म्या दिली. खूण माजी, चूक माजी. त्या पोराकडं नगा बगू, माज्याकडं बगा.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. सबंध नाटकात चूक कबूल करणारं पहिलंच माणूस भेटलं होतं. चिटणीसांनी घाईघाईने पडदा पाडला.

लोक खूश होऊन घरी गेले. दुसऱ्या सकाळी मात्र बंगल्याचा गडी भट्टीवरून वाळत घातलेले ओले कपडेसुद्धा घेऊन गेला. हे कळताच मी भरल्या ताटावरून उठलो. मी टेकडी चढून बंगल्यावर गेलो.

“बाईसाहेब, साडी मी मागितली होती. बोल मला लावा, पण मावशीचं काम काढू नका.”

“काल काय झालं होतं तोंडाला?”

“भीती वाटली.”

“आणि तिला नाही वाटली?”

बाईसाहेबांनी गड्याकडून मळक्या कपड्यांचं भलंमोठं गाठोडं आणवलं. “हे तिच्याकडे पोचवा. डोक्यावरून, भर बाजारातून.”

कोट-टोपीतला रेल्वेचा कारकून डोक्यावर गाठोडं घेऊन भर बाजारातून निघाला, तेव्हा दुकानदार तराजू टाकून बाहेर आले. एकाने तर शिट्टी मारली. मान दुखत होती, गाठोडं डोळ्यांवर घसरत होतं, पण खाली ठेवावंसं वाटलं नाही.

मावशीने लांबूनच पाहिलं. कपडे बंगल्याचे आहेत हे तिने लगेच ओळखलं. पण गाठोडं उतरवायचं सोडून तिने आळीतल्या बायकांना हाका मारल्या, “अगं या गं, ह्ये बगा कोन आलंय!” आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

मग माझ्याभोवती एक फेरी मारून म्हणाली, “कालच्या परास आज बरा दिसतुयास.”

तिने दोन्ही हातांनी गाठोडं उतरवलं आणि पदराने माझा घाम टिपला. तेव्हा मात्र मला रडू आवरेना.