आईच्या नावाचं पान

यंदाच्या ईदच्या सुट्टीत आम्ही बालीला जाऊन आलो, असं कुवेतमधल्या अबू हलीफातल्या निम्म्या मराठी घरांना अजून वाटतं. प्रत्यक्षात आम्ही घरातच होतो, पडदे ओढून.

बायको नर्स आहे. निघायच्या आदल्या दिवशी तिच्या वॉर्डातल्या दोघी आजारी पडल्या आणि तिची रजा रद्द झाली. यात लपवण्यासारखं काहीच नव्हतं. पण इथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात मी बालीच्या एवढ्या फुशारक्या मारल्या होत्या, की आता कुठल्या तोंडानं सांगणार? एका वहिनींनी तर प्रवासासाठी भडंगाचा डबा भरून दिला होता. तो आम्ही टीव्हीचा आवाज बारीक करून घरातच संपवला. गाडी मी मागच्या गल्लीत लावली. ड्यूटीला जाताना बायकोनं मैत्रिणींच्या बसथांब्यावर उभं राहू नये, असंही मी सुचवून पाहिलं. कामावर जाणाऱ्या बाईनं कशाला तोंड लपवायचं, असं तिनं विचारलं. मी चिडलो. चूक माझी असली की मी हमखास चिडतो.

मंडळाचं एक वेळ सोडा. खरी अडचण मिरजेला होती. आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं होतं आणि ती मनातून घाबरली होती. बालीत लोक रोज स्वयंपाक झाल्यावर पानाच्या तुकड्यावर चिमूटभर भात देवासाठी काढून ठेवतात, हे मीच तिला रंगवून सांगितलं होतं. ते ऐकून ती म्हणाली होती, "मग माझ्या नावानं तिथं एक पान ठेव. म्हणजे मी बिनघोर आत जाईन." आणि मी आणखी शहाणपण करून तिला बजावलं होतं, की दिवे लावल्यावर फोन करू नकोस, कुवेत घड्याळात तुमच्या मागं असलं तरी बाली पुढं आहे, तिथं तेव्हा रात्र झालेली असेल.

आता तिला काय सांगायचं? ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बायकोला सुट्टी मिळाली आणि मला युक्ती सुचली. इथंच कुवेतमध्ये, सलव्यात, बालीच्या जेवणाचं एक छोटं हॉटेल होतं. तिथं जेवायचं, पानाचा फोटो काढायचा आणि आईला पाठवायचा. कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून मुलीला घेऊन आम्ही दोघं मुद्दाम भर दुपार टळल्यावर गेलो. हॉटेलात आमच्याशिवाय कुणी नव्हतं.

जेवण केळीच्या पानावर आलं. भात, गवती चहाच्या काडीला थापून भाजलेला माशाचा खिमा, ओलं खोबरं घातलेली शेंगांची भाजी, आणि कच्चा कांदा नि मिरची चिरून वर कोमट खोबरेल ओतलेला ठेचा. गवती चहा चहात आणि खोबरेल डोक्याला, अशी आम्हा मिरजेकरांची समजूत. बायको मालवणची. तिनं पहिला घास घेतला आणि डोळेच मिटले. हे तर आमच्याकडचंच आहे, म्हणाली. सबंध सुट्टीत ती पहिल्यांदा सुखानं जेवत होती. मासा खरंच चांगला होता, पण माझं लक्ष घासात नव्हतं. देवासाठी काढलेलं पान कुठं दिसतंय, ते मी बघत होतो.

स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन मी तिथल्या बाईंना विचारलं. त्या बालीच्याच, माझ्या थोरल्या बहिणीच्या वयाच्या. त्यांना मोडकं इंग्रजी येत होतं. मी म्हटलं, आईचं उद्या ऑपरेशन आहे, तिच्या नावानं पान ठेवायचंय. त्यांनी लगेच हात धुतले. केळीच्या पानाचा चौकोनी तुकडा कापला, त्यावर भात, मिठाचे कण आणि माशाचा एवढासा तुकडा ठेवून तो शेगडीशेजारी ठेवला, आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या. त्या वेळी मी काय करत होतो? मागच्या सिलिंडरवरची अरबी अक्षरं फोटोत येणार नाहीत, असा कोन शोधत होतो.

बायको मागं येऊन उभी राहिली होती. ती हळूच म्हणाली, "अहो, आधी हात तरी जोडा."

एक मिनिट, म्हटलं. फोटो काढला, कडेची शेगडी कापून टाकली आणि खाली 'बालीहून, तुझ्या नावानं' असं लिहून पाठवून दिला. मग टेबलाशी येऊन बसलो. हात जोडायचे राहिले ते राहिलेच.

ठेचा कालवत होतो, तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. तिला दवाखान्यात दाखल केलं होतं. मी घाईनं फोन उचलला. तिच्या मागं ट्यूबलाइट लागलेली आणि खिडकी काळीभोर. माझ्या मागं सलव्यातलं लख्ख ऊन काचेतून आत येत होतं. ते माझ्या लक्षात यायच्या आधी तिच्या आलं. इतकी वर्षं ती देवापुढं दिवा लावून मला फोन करते, आणि तुझ्याकडं अजून ऊन हाय, असं कौतुकानं म्हणते.

या वेळी ती नुसती बघत राहिली. मुलगी माझ्याकडं बघत होती, बायको आपल्या जेवणाच्या पानाकडं. सांगून टाकावं असं वाटत होतं.

"पान ठेवलंस न्हवं?" तिनं विचारलं.

"ठेवलं."

"मग कुठं का असंना. हात जोडलास न्हवं माझ्यासाठी?"

हो, म्हटलं. हॉटेलातल्या बाई तेव्हा आमच्या टेबलावर पाणी ठेवत होत्या. त्यांना मराठी कळत नव्हतं, तरी मला मान वर करवेना. आईनं सावकाश जेवायला सांगितलं आणि फोन ठेवला. मी उरलेला भात तसाच टाकून उठलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी भावाचा फोन आला. ऑपरेशन नीट झालं होतं, आई गुंगीत होती. सगळं सांगून झाल्यावर तो हसून म्हणाला, "आत नेईपर्यंत अख्ख्या वॉर्डाला सांगत हुती, माझ्या लेकानं पार बालीत माझ्या नावानं पान ठेवलंय. फोटो दावत हुती सगळ्यांना."

आईला सगळं कळलं होतं, आणि तरी माझं खोटं तिनं स्वतःच्या तोंडून खरं करून सांगितलं होतं. भावाला मी बरं एवढंच म्हणालो आणि फोन ठेवला. मग पडदे ओढलेल्या हॉलमध्ये उभा राहून मी हात जोडले. आता त्याचा काय उपयोग होता? तिला आत नेलं तेव्हा ते जोडलेले असायला हवे होते.