ब्लाउजकाकूंचा जेंट्स शर्ट

ब्लाउजकाकू माणसाला पाठीवरून ओळखत. चेहरा त्यांच्या लक्षात राहत नसे, राहायची ती पाठ. गोडदेवच्या रस्त्यावरून मी त्यांच्या दुकानासमोरून पुढे गेलो की मागून आवाज यायचा, "उजवा खांदा उतरलाय तुझा. बॅग दुसऱ्या हातात घे." मी वळून पाहीपर्यंत त्यांची मान पुन्हा मशीनवर गेलेली असे. मी तेव्हा एका औषध कंपनीचा प्रतिनिधी होतो. नमुन्यांनी भरलेली बॅग उजव्या हातात घेऊन दिवसभर डॉक्टरांचे दवाखाने फिरायचो. माझा खांदा उतरलाय हे त्यातल्या एकाही डॉक्टरला कधी दिसलं नाही.

आम्ही परळ सोडून भाईंदरला इंद्रलोकात राहायला आलो तेव्हा आईने शेजारी तीन चौकशा केल्या. पाणी किती वाजता येतं, दूधवाला कोण चांगला आणि ब्लाउज कोण शिवतं. पहिल्या दोन प्रश्नांवर मजल्यावरच्या बायकांत मतभेद होते. तिसऱ्यावर नव्हते. काकू मूळच्या रत्नागिरीकडच्या, दुकान म्हणजे त्यांच्याच घराची पुढची खोली, आणि बोर्डावर नाव नव्हतंच, नुसतं 'लेडीज टेलर'. वरसाव्यापासून बायका रिक्षा करून त्यांच्याकडे यायच्या. एखादी म्हणाली, "मागच्या वर्षीच्याच मापाचा शिवा," तर काकू तिला पायापासून डोक्यापर्यंत बघून विचारायच्या, "मागच्या वर्षीची तू कुठाय?" बाई हसायची आणि ब्लाउज बरोबर बसायचा.

शिवताना त्या आत दोन बोटं कापड जास्तीचं दाबून ठेवत. कुणी विचारलं तर म्हणत, "राहू दे, लागेल." कधी लागेल, कशाला लागेल, हे सांगत नसत. ते सगळ्यांनाच लागायचं.

काका, म्हणजे त्यांचे यजमान, दुकानामागच्या आतल्या खोलीत बसून असत. पूर्वी ते स्टीलच्या भांड्यांच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर होते. त्या मशीनने त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं नेली आणि उरलेली दोन नावापुरती ठेवली. तेव्हापासून काकांनी बटणांचा शर्ट सोडला. गोल गळ्याचा टी-शर्ट डोक्यातून ओढायचा आणि टीव्हीसमोर बसायचं. काकू बटणं लावून द्यायला पुढे झाल्या की ते म्हणायचे, "मला काय बालवाडीत पाठवतेयस?" कुर्ता घाला म्हटलं, तर कुर्ता पुढारी घालतात. टी-शर्टावर कुणाच्या कार्याला जायचं नाही हा त्यांचा एक नियम आणि बायकोकडून बटणं लावून घ्यायची नाहीत हा दुसरा. या दोन नियमांमध्ये माणूस पुरता अडकला होता. लग्न नाही, बारसं नाही, सोसायटीची पूजा नाही.

काकूंनी त्यांच्यासाठी एक आकाशी शर्ट शिवून ठेवला होता. तो आतल्या खोलीत कपाटाच्या दाराला हँगरवर असायचा. काका त्याच्याकडे पाठ करून बसत. "बायकांच्या टेलरचा शर्ट," ते म्हणायचे. "बघितल्याबरोबर लोक हसतील." इतके दिवस हे चालून गेलं, पण त्या वर्षी त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न मे महिन्यातलं ठरलं. काका म्हणाले, मी हॉलवर येईन, मागच्या खुर्चीत बसेन, स्टेजवर चढणार नाही. कन्यादानाला धाकटा दीर उभा राहील असं बोलणंही झालं. काकूंनी हे माझ्या आईला सांगितलं तेव्हा डोळे भरले होते, पण हातात सुई होती म्हणून पुसले नाहीत.

मग जानेवारीत बोर्डाखाली नवी ओळ आली. 'जेंट्स शर्ट शिवून मिळतील.' पेंटरने 'जेंट्स' हा शब्द लाल रंगात काढला होता, पुढे धोका आहे अशा थाटात. आईने विचारलं, "हे काय नवीन?" काकू म्हणाल्या, "दहा पुरुषांनी घातला की अकरावा घालेल." अकरावा म्हणजे कोण, ते विचारायची गरज नव्हती. आईने घरी येऊन मला हे सगळं सांगितलं. म्हणजे मला माहीत होतं. तरीही पुढे मी जे बोललो ते बोललो.

काकूंच्या मागे फौज होती ती बायकांची. लग्नसराई तोंडावर आलेली, प्रत्येकीचे दोन-तीन ब्लाउज काकूंकडे पडलेले. काकू शांतपणे सांगायच्या, "शनिवारी देते. तुझ्या घरच्या पुरुषाचा शर्ट टाकलास तर." आईला मावसबहिणीच्या लग्नासाठी मोरपंखी ब्लाउज हवा होता. वडील असल्या भानगडीत पडणारे नव्हते, तेव्हा मी धाडला गेलो. अशा रीतीने त्या शर्टाचं पहिलं गिऱ्हाईक मी झालो.

काकू पुरुषाला टेप लावत नसत. मापाचा म्हणून एक जुना शर्ट घ्यायच्या आणि मग म्हणायच्या, "बाहेर उभा राहा. तोंड रस्त्याकडे." मी गोडदेवच्या भर रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो. समोरचा भाजीवाला माझ्याकडे आणि मी भाजीवाल्याकडे बघत राहिलो. अर्ध्या मिनिटाने मागून आवाज आला, "झालं. जा."

चार दिवसांनी शर्ट हातात आला. इतका चांगला शर्ट मी तोवर घातला नव्हता. कॉलर ताठ, बाही मनगटावर जिथं संपायला हवी तिथं संपलेली, आणि उतरलेला खांदा गायब. पण बटणं उलटी होती. बायकांच्या कपड्यांना असतात तशी, डाव्या बाजूला, आणि काजं उजव्या. काजंही वाजवीपेक्षा मोठी.

"काकू, बटणं उलट्या बाजूला लागलीत."

"असू दे. चार दिवसांत हात शिकतो."

"आणि काजं मोठी झालीत."

"हवा खेळते," काकू म्हणाल्या आणि मशीन सुरू केलं.

तीस वर्षं बायकांचं शिवून हात एका बाजूला वळलाय, असा निष्कर्ष मी काढला. त्या वयात माझे निष्कर्ष फार लवकर निघत. दुसऱ्या दिवशी मीरा रोडच्या एका डॉक्टरांनी माझ्या नमुन्यांऐवजी माझ्या छातीकडे बघितलं आणि विचारलं, "घाईत मिसेसचा घालून आलात वाटतं?" मी म्हणालो, "माझं लग्न झालेलं नाही." डॉक्टर म्हणाले, "मग तर प्रकरण गंभीर आहे." त्यांनी त्या महिन्यात माझं एकही औषध लिहिलं नाही. राग शर्टावर निघाला.

आमच्या सोसायटीत रोज इस्त्रीचा शर्ट घालणारा मीच, म्हणून शर्टाच्या बाबतीत माझ्या मताला वजन होतं. संध्याकाळी गेटवर खालच्या मजल्यावरचे जयंतीभाई भेटले. त्यांच्या बायकोचेही दोन ब्लाउज अडकले होते. त्यांनी माझ्या शर्टाचं कापड बोटांत धरून विचारलं, "लेने जैसा है क्या?"

मी म्हणालो, "फिटिंग एक नंबर, कॉलर एक नंबर, बटन लेडीज साइड. ब्लाउज सिलवाओ, शर्ट रहने दो."

जयंतीभाई हसले, वॉचमन हसला. मला आपण फार छान बोललो असं वाटलं. दोन दिवसांत ते वाक्य इंद्रलोकभर फिरलं आणि काकूंकडे आलेली दोन कापडं परत गेली. शर्टांची गाडी तीनवर अडली.

ब्लाउज शिवणाऱ्या बाईपासून काहीच लपून राहत नाही. आईचा मोरपंखी ब्लाउज आणायला गेलो तेव्हा मी मान खाली घालूनच उभा होतो. काकू रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"शर्ट बसला ना?"

"बसला."

"खांदा?"

"सरळ दिसतो."

"मग लोकांना तेवढं सांग. बटणाचं मी बघते."

तेवढ्यात आतून काकांचा आवाज आला. ते मला पहिल्यांदाच काही विचारत होते. "काय रे, लोक हसतात का?"

खोटं बोलावं असं वाटलं, पण धीर झाला नाही. "पहिले दोन दिवस हसले, काका."

"मग?"

"मग त्यांनाही सवय झाली."

काकूंचं मशीन थांबलं होतं, ते पुन्हा सुरू झालं. मला माझी लाज वाटली. एका माणसाला स्टेजवर चढवायला ही बाई तीस वर्षांचं नाव पणाला लावून बसली होती आणि मी गेटवर विनोद करत होतो.

त्यानंतर मी तो शर्ट आठवड्यातून तीनदा घालू लागलो. दुसरा टाकला. वडिलांना काय सांगितलं ते आता आठवत नाही, पण त्यांनीही टाकला. जयंतीभाईंना तर मी हाताला धरून दुकानात नेलं आणि रस्त्याकडे तोंड करून उभं केलं. शर्ट घालून बघितल्यावर ते काकूंना म्हणाले, "बेन, पेट दिख रहा है."

"है तो दिखेगा, जयंतीभाई."

जयंतीभाईंनी दुसरा शर्ट टाकला.

एप्रिलमध्ये सोसायटीची पूजा झाली तेव्हा मांडवात मी मोजले, दहा जण होते. दहाही जणांची बटणं डावीकडे. कुणाच्या ते लक्षातही येत नव्हतं, कारण वेगळं दिसायला मध्ये एखादा वेगळा लागतो. काकू तीर्थ घ्यायला आल्या, मागच्या रांगेत उभ्या राहिल्या, सगळ्यांच्या पाठी बघितल्या आणि गेल्या. पण काका आले नाहीत.

लग्नाच्या दिवशी सकाळी काकांना हॉलवर न्यायला रिक्षा घेऊन मी गेलो. मुलगी आणि पाहुणे पुढे गेले होते. दुकानाची खोली रिकामी होती आणि आतल्या दाराशी काकू जरीची साडी नेसून उभ्या होत्या, दाराकडे पाठ करून. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. हळूच म्हणाल्या, "बघू नको. बघितलं की त्यांना वेळ लागतो."

मी बघितलं. काकांच्या अंगात आकाशी शर्ट होता. उजव्या मनगटाने त्यांनी शर्टाची कड छातीवर दाबून धरली होती आणि डाव्या हाताने डाव्या बाजूचं बटण मोठ्या काजातून बाहेर ढकलत होते. एक झालं. मग दुसरं. शेवटचं लागल्यावर त्यांनी कॉलर ओढून बघितली आणि आरशात न बघताच बाहेर आले.

मी माझ्या छातीकडे पाहिलं. बटणं एका डाव्या हातासाठी तिकडे गेली होती, काजंही त्याच हातासाठी मोठी झाली होती. चूक वगैरे काही नव्हतं. एकट्या काकांची बटणं उलटी दिसू नयेत म्हणून या बाईने आम्हा दहा जणांची उलटी केली होती, आणि बटणं चुकली म्हणून मी उठवलेली आवई सगळ्या भाईंदरासमोर गप्प ऐकून घेतली होती. मला काहीतरी बोलायचं होतं. काकू म्हणाल्या, "रिक्षावाला थांबलाय ना?"

कन्यादान काकांनीच केलं. जेवणाच्या पंगतीत मुलाकडचे एक वयस्क गृहस्थ, पेणचे, बराच वेळ आमच्या रांगेकडे बघत होते. शेवटी त्यांनी काकांना विचारलं, "तुमच्याकडे सगळ्यांची बटणं अशी कशी हो?"

काकांनी डाव्या हाताने जिलेबी उचलली. "आमच्या भाईंदरात अशीच असतात," ते म्हणाले.

महिन्याभरात बोर्डावरची लाल ओळ पुसली गेली. मी नवीन कापड घेऊन गेलो तर काकू म्हणाल्या, "जेंट्स बंद केलं."

"का?"

"आता कुणासाठी शिवू?"

तरी कापड ठेवून घेतलं. पुढच्या वर्षी ती दोघं रत्नागिरीला गावच्या घरी राहायला गेली. जायच्या आदल्या दिवशी काकूंनी मला बोलावून एक पुडकं दिलं. आत माझा शर्ट होता. बटणं उजवीकडे, काजं अगदी बेताची, बाजारातल्या कुठल्याही शर्टाच्या तोंडात मारेल असा. "तुझा एक नीट शर्ट राहिला होता," त्या म्हणाल्या. मी वाकून नमस्कार केला. उठून निघालो तर मागून आवाज आलाच, "बॅग बदल."

तो नीट शर्ट मला कधी जमला नाही. बटणं लावायला गेलो की हात चुकीच्या बाजूला जातो. उलटे दोन मात्र मी झिजेपर्यंत घातले. मधे पोट सुटलं तेव्हा आतलं दोन बोटं कापड उसवून घेतलं. काकूंनी सांगितल्याप्रमाणे ते लागलं.

दोन-तीन वर्षांनी एका सकाळी त्यांच्या मुलीचा रत्नागिरीहून फोन आला. आई गेली म्हणाली. झोपेतच गेली. मग म्हणाली, "बाबांना कुणीतरी तयार करायला हवं म्हणून मी आत गेले, दादा. तर ते तयारच होते. आकाशी शर्ट, सगळी बटणं लावलेली."

फोन ठेवून मी खाली जयंतीभाईंकडे गेलो. ते पेपर वाचत होते. मी त्यांना काकूंचं सांगितलं. मग म्हणालो, "जयंतीभाई, तुम्ही तेव्हा विचारलं होतं ना, मी चुकीचं बोललो. लेने जैसा था."

जयंतीभाईंनी पेपर खाली ठेवला. "मेरे को क्या बोलता है," ते म्हणाले. "मेरे पास चार हैं. सब में पेट दिखता है." आणि चष्मा काढून ते शर्टाच्या टोकाने पुसत बसले.