बुरशीखालचा हशा

बुरशी पुसून शेजाऱ्यांची व्हिडिओ कॅसेट लावली. विमलकाकूंचे यजमान गेले. त्यांचं टीव्हीवरचं प्रहसन आता एवढ्या एका कॅसेटवर उरलंय. टीव्ही केंद्रानं मूळ टेप पुसून पुन्हा वापरली. काटकसर म्हणे! काटकसरीची टूम निघाली की या देशात आधी हसवणारेच पुसले जातात.

शेजाऱ्यांनी टीव्हीवरून रेकॉर्डिंग करताना ते मध्येच थांबवलं नाही, म्हणून प्रहसनात घुसलेल्या निवडणूक निकालाच्या बातमीवरून तारीख तरी लागली. हार घातलेला पुढारी लख्ख दिसतो, एक डाग नाही. काकांच्या चेहऱ्यावर मात्र नुसत्या रेघा. खरखरीत त्यांचे शब्द बुडतात आणि प्रेक्षकांचा हशा तेवढा वर येतो.

मी तीनदा मागे नेऊन लावलं. काकू पडद्याला कान लावून बसल्या होत्या.

"लोक हसले ते कळलं गं," त्या म्हणाल्या. "पण हे काय म्हणाले?"