हापशीला हात लावून या

जळालेल्या कॉम्प्युटरचा वास एकदा नाकात बसला की जात नाही. करपलेल्या डाळीचा कडवटपणा, तापलेल्या प्लास्टिकचा उग्र गोडवा आणि मागून रेंगाळणारी सुकटाची आठवण. आमच्या गल्लीतले फिजिक्सचे निवृत्त सर हा वास अत्तरासारखा हुंगत. कुणी दारात येऊन म्हणालं, "सर, कॉम्प्युटर चालू होईना," की चष्मा कपाळावर सारून ते एकच शब्द विचारत, "वास?"

येत नसला तर हसत. येत असला तर चपला शोधत.

गल्लीतल्या निम्म्या घरांचे कॉम्प्युटर त्यांच्या देखरेखीखाली जोडले गेले. एकही त्यांनी स्वतः जोडला नाही. ज्याचं यंत्र त्यानंच जोडायचं. अंगात नायलॉन नको, आणि सुट्या भागांना बोट लावण्याआधी चौकातल्या हापशीला हात लावून यायचं. "थंडीत अंगावर वीज साचती, बाई. तुम्हाला नुसती चटक बसती, चिपचा जीव जातो. हापशीचा पाईप पार पाताळात गेलेला हाय. तिला देऊन टाका." मग माघातल्या कोरड्या सकाळी आमच्याकडची शहाणीसुरती माणसं हापशीला स्पर्श करून, दोन्ही हात अधांतरी धरून, कुणाला न शिवता घरी परतताना दिसत. एका पाहुण्यानं हे पाहून हापशीला हात जोडले. सरांनी त्याला अडवलं नाही. पुढे परीक्षेला निघालेल्या मुलीही तिला शिवून जाऊ लागल्या, तेव्हाही नाही.

माझ्या सासूबाई झरी गावच्या. आमच्या अंगणातला अर्थिंगचा खड्डा दाखवून सरांनी त्यांना सांगितलं होतं, "काकू, खाली मीठ-कोळसा हाय. उन्हाळ्यात वाळला की घरातली यंत्रं मरतेत. तुळशीनंतर इथंबी एक तांब्या." सासूबाई तांब्या ओतत आणि वर एक प्रदक्षिणाही घालत. "तेवढी जास्तीची," सर मला हळूच म्हणाले, "पण नुकसान न्हाई."

मी कॉलेजात मराठी शिकवते. माझ्या कवितांसाठी स्वतःच्या हातानं जोडलेला कॉम्प्युटर असावा, ही माझी हौस. "तयार आण, तू जाळशील," असं आमच्या घरातल्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, आधीच जाहीर केलं होतं. वर्षभर एकेक भाग जमवत गेले. अखेर एका रविवारी सुती साडी नेसून, रिकामी पत्र्याची पेटी जमिनीवर आडवी ठेवून, मी हापशीकडे गेले. परतून मदरबोर्ड बसवला, स्क्रू आवळले, वायरी ओवल्या, पेटी उभी केली. सर खुर्चीत येऊन बसले होते. बटण मालकानंच दाबायचं, हाही त्यांचाच नियम. ते फक्त हुकूम सोडत.

"दाबा."

पंखा अर्धा वळसा फिरला आणि थांबला. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच, जणू कुणी हाक मारावी आणि ओ देणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवावा.

"गेलं," यजमान समाधानानं म्हणाले.

सर उठले, गुडघे टेकून पेटीच्या जाळीला नाक लावलं. "वास न्हाई. जळालेलं कधी लपत नसतंय. काढा सगळं बाहेर."

मी एकेक भाग सोडवला. मदरबोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला, गरजेपुरत्या वायरी जोडल्या.

"दाबा."

पंखा फिरू लागला. सतत, मऊ, झाडाझुडपांत घुमणाऱ्या भुंग्यासारखा.

"म्हणजे जीव हाय. चोर पेटीत हाय," असं म्हणत सरांनी रिकामी पेटी तिरपी केली. आतून काहीतरी खणखणत घरंगळलं आणि त्यांच्या तळहातावर पडलं. निजामाच्या काळातला तांब्याचा पैसा. त्याला ताजं कुंकू.

सासूबाईंनी पदर सावरला आणि छताकडे पाहिलं.

सरांनी मूठ मिटली. "स्क्रू," ते यजमानांना म्हणाले. "कंपनीनं जास्तीचा टाकला. पेटी उभी केली की बोर्डाखाली अडकून शॉर्ट करायलता. बाईंची चूक न्हाई. तुमची असती तर वास आला असता."

यजमान चहा सांगायला आत गेले. सासूबाई पुटपुटल्या, "घर उभं करताना पायात पैसा घालतेत. हे बी पत्र्यापासून उभं करायलती ना. ही हापशीवर गेली, तवा कोपऱ्यात ठिवला."

"पाया बरोबर हाय, काकू. पण बाहेरून भरा." सरांनी पैसा चिकटपट्टीनं पेटीच्या माथ्यावर लावला. मग माझ्याकडे वळून, डोळे मिचकावत: "खरं सांगू? पेटीच्या पत्र्याला हात ठेवला तरी भागतंय. हापशी माणसाची घाई उतरवायला ठेवलीय."

गेल्या उन्हाळ्यात सर गेले. हापशीचा दांडा त्याआधीच कुणीतरी काढून नेला होता. उरलेल्या लोखंडाला मुली अजून शिवून जातात.

परवा माझा कॉम्प्युटर बंद पडला. मी गुडघे टेकले, जाळीला नाक लावलं. करपलेली डाळ, गोडसर प्लास्टिक, सुकट. या वेळी वास होता. तो पॉवर सप्लायकडून येत होता. त्यानं जाताना मदरबोर्डही सोबत नेला का, हे नाक सांगेना. सरांनी "जीव हाय" म्हटलेला तोच बोर्ड. हापशीवर जाऊन आले, नवा पॉवर सप्लाय बसवला, तांब्याच्या पैशावरची धूळ पुसली. बोट बटणावर ठेवलं आणि ते तिथेच राहिलं. हुकूम सोडणारं कुणी नव्हतं.

अंगणातून रिकामा तांब्या घेऊन सासूबाई आत आल्या. सरांच्या खुर्चीत बसल्या, चष्मा कपाळावर सारला.

"दाब."