चाच्यांच्या चपला

भास्कर गेल्याचा फोन आला, तेव्हा मी सावेडीतल्या माझ्या स्टुडिओत कुणाच्या तरी हळदीचं शूटिंग कापत बसलो होतो. पडद्यावर नवरी हसत होती आणि मला पुढचं काही ऐकूच येईना... त्याला आता महिना उलटला.

राहात्याकडचा हा माझा मित्र. पेरूची बाग सांभाळता सांभाळता एक दिवस त्याच्या डोक्यानं घेतलं, समुद्री चाच्यांचा विनोदी सिनेमा काढायचा! समुद्र कुठला? बागेतलं शेततळं. पिंपांवर फळ्या ठोकून जहाज झालं, वहिनींच्या साडीचं शीड झालं. डेअरीचे सेक्रेटरी, गावचा न्हावी, पिठाच्या गिरणीचा मालक असे सगळे चाचे, आणि मिशनच्या शाळेतल्या निवृत्त मॅडम त्यांच्या कप्तान. संध्याकाळी वारा सुटून शीड फुगलं, की वाटायचं, बांधापलीकडं जमीनच नाही, नुसतं पाणी... मला अजून ते पाणी स्वप्नात दिसतं.

सिनेमा मात्र, गेलेल्या मित्राविषयी खोटं कशाला बोलू, मध्यंतरानंतर कुठं भरकटतो ते त्यालाही कळलं नव्हतं. सेक्रेटरी दोनदा मरतात. तरी देवळासमोर पडदा लावला, तेव्हा गाव पोट धरून हसलं.

भास्करला सलत होतं ते वेगळंच. जहाज लुटायला धावलेले चाचे बांधावर थांबतात, चपला काढतात आणि मग तलवारी उगारून चढतात. भास्कर जहाजावरून, कॅमेऱ्यामागून ओरडला होता, "आरं, लुटायला चाललाय तुमी, देवळात न्हाई!"

"आवं, सकाळीच नारळ फोडलाय जहाजावर," सेक्रेटरी म्हणाले. "पायतान घालून कसं चढायचं?"

किती वेळा घेतलं तरी तेच. शेवटी तसंच राहिलं.

दवाखान्यात माझा हात धरून तो म्हणाला, "सिनेमा मोबाईलवर टाक सगळ्यांसाठी. पन ती चपलांची रांग तेवढी काढ. लोक आपल्यालाच हसत्याल." मी हो म्हटलं.

परवा कापायला बसलो. चित्र थांबवलं. मॅडमच्या सँडल, सेक्रेटरींचे बूट... आणि चाचे यायच्या आधीपासूनच बांधावर असलेला एक जोड. डाव्या चपलेचा अंगठा तारेनं बांधलेला. भास्करचा. कॅमेरा घेऊन जहाजावर चढताना त्यानंच सगळ्यांआधी चपला काढल्या होत्या!

सबंध सिनेमात तो दुसरीकडं कुठंच नाही.

भास्कर, दिलेला शब्द मी मोडलाय. रांग तशीच ठेवलीय.