वेलीला भांडुपचं स्थळ

चारकोपच्या सेक्टरात कुणाचं लग्न अडलं, की लोक द्रौपदीकाकूंचं दार ठोठावायचे. काकू मूळच्या कणकवलीकडच्या. चहा पुढ्यात यायच्या आत त्यांचा प्रश्न ठरलेला, "भावकीतला तर नाय ना?" भावकी निघाली की विषय संपला, मग मुलगा कलेक्टर का असेना! एवढ्यांची लग्नं जुळवली बाईनं, पण तिची स्वतःची कूस काही उजवली नाही. त्यावरून लोक काय काय बोलले, ते सांगायला जीभ उचलत नाही.

सोसायटीच्या गेटवर काकूंनी पॅशन फ्रूटची वेल चढवली होती. फुलं अशी, की रस्त्यानं जाणारा थांबावा. फळ मात्र औषधालाही नाही. चेअरमन सहदेव परब एकदा म्हणाले, "काकू, वांझ वेल ती, नुसता कचरा. गणपतीआधी काढून टाकू."

तो शब्द काकूंना झोंबला. "सहदेवा, तोपर्यंत तिका हात लावून तर बघ," एवढंच त्या म्हणाल्या.

मग काकू इरेला पेटल्या. भोपळ्याला करतात तसा एका फुलाचा पराग बोटानं दुसऱ्याला लावला. फुलं गळाली. शेजारच्या बिल्डिंगमधल्या वेलीचा पराग आणला. तरी गळाली. काकू कपाळाला हात लावून बसल्या आणि एकदम हसायलाच लागल्या. शेजारची वेल आली कुठून? काकूंनीच फांदी तोडून दिलेली! अख्ख्या सेक्टरात ज्याच्या त्याच्या ग्रिलवर त्यांचीच फांदी. म्हणजे सगळी मिळून एकच वेल, आणि ही जात स्वतःचा पराग ओळखते, रुजू देत नाही. काकूंनी जन्मभर पाळलेला नियम वेलही पाळत होती.

भांडुपला गंधाली राहायची, तिचं लग्न काकूंनीच जमवलेलं. तिच्या गॅलरीत बियांपासून वाढलेली वेगळी वेल होती. काकू तिच्याकडे जाऊन बसल्या, दुपारी त्या वेलीची फुलं उमलली तशी डब्यात घातली आणि परतीची रिक्षा केली. "स्थळ घेऊन चाललंय," रिक्षावाल्याला म्हणाल्या. गेटवर स्टुलावर चढून त्यांनी एकेका फुलाला पराग लावला.

आठवड्याभरात हिरव्या गोट्या दिसू लागल्या. गणपतीत वेल फळांनी लगडली. परबांनी स्वतः बांबू आणून मांडव बांधला. "काकू, औषध काय घातलंत?" त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं.

"औषध कसला? खोट तिच्यात नव्हतीच," काकू म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण मान ताठ होती. "माझ्यासाठी ह्या सांगूक कोण इला नाय. म्हणान तिच्यासाठी मी उभी रवलंय."